सागाच्या फळ्या जोडताना क्लॅम्प किती, कोणते आणि किती आवळायचे?

खटपट_राव

नमस्कार मंडळी,

पाडलेल्या एका वाड्याचं जुनं सागवान पुण्यात भवानी पेठेतल्या लाकूड बाजारातून आणलंय. मशीनवर चिरून, रंधा मारून पाच फळ्या तयार आहेत. प्रत्येक फळी साधारण पाच इंच रुंद, चार फूट लांब, पाऊण इंच जाड. कडेला कड जोडून मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाचा वरचा तक्ता करायचाय. गोंद म्हणजे आपला नेहमीचा पांढरा फेव्हिकॉल.

हाताशी दोन चार-इंची सी-क्लॅम्प (इंग्रजी C च्या आकाराचे) आणि एक दोन-फुटी एफ-क्लॅम्प (दांड्यावर जबडा सरकणारा), एवढीच फौज आहे. आणखी किती घ्यावे लागतील? कुठल्या प्रकारचे? आणि आवळायचे म्हणजे नक्की किती? यूट्यूबवर एक जण म्हणतो जीव खाऊन आवळा, दुसरा म्हणतो जास्त आवळलं तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कच्चा राहतो.

ओळखीचे सुतारकाका तर म्हणाले, "साहेब, मागून दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने मारा, क्लॅम्प कशाला पाहिजे?" त्यांचं ऐकू का?

सई_ठाणे

रुमाल टाकून ठेवते. जमेल तसं लिहिते.

चहाटळ

क्लॅम्प किती घ्यावेत? आहेत त्यापेक्षा दोन जास्त. हा विनोद सुतारकामाच्या प्रत्येक धाग्यात यावाच लागतो, म्हणून मी उरकून टाकला. आता जाणकार बोलतील.

रंधामास्तर

खटपटराव, क्लॅम्पच्या आधी कडा बघा. दोन फळ्या कोरड्याच शेजारी उभ्या धरा, मागे दिवा लावा. फटीतून उजेड दिसला तर पुन्हा रंधा. हाताच्या दाबाने जो सांधा मिटत नाही तो क्लॅम्पने मिटवू नका. मिटेल, त्या दिवशी छान दिसेल, आणि लाकूड पुढची काही वर्षं रोज तो उघडायचा प्रयत्न करत राहील. मी शिकवत असताना पोरांना हेच सांगायचो. निम्मी पोरं ऐकायची नाहीत, क्लॅम्पवर नळी घालून आवळायची.

कडा रंधताना एक युक्ती. ज्या दोन फळ्या शेजारी येणार त्या पाठीला पाठ लावून बाकाच्या शिकंज्यात एकत्र धरा आणि दोन्हींच्या कडा एकाच वेळी रंधा. रंधा अर्धा अंश कलला तरी हरकत नाही. पुस्तकासारख्या उघडल्या की एकीचा कल दुसरीने भरून निघतो आणि तक्ता सपाट येतो.

लांब सांध्यात मी मध्यभागी अगदी किंचित पोकळी ठेवतो. चार फुटाला पातळ कागद सरकेल एवढीच. मधला क्लॅम्प लावला की टोकं आपोआप दाबून बसतात. टोकं आधी सुकतात आणि आधी उघडतात, म्हणून ही काळजी. पण हे रंध्यावर हात बसल्यावर. पहिल्याच कामाला सरळ कड मिळाली तरी पुष्कळ.

आता क्लॅम्प. तुमच्या तक्त्याला पाच ते सहा लांब क्लॅम्प लागतील. सी-क्लॅम्प इथे कामाचे नाहीत, चार इंचात काय मावणार? ते टोकाशी फळ्या एका पातळीत धरायला वापरा. एक क्लॅम्प खालून, पुढचा वरून, असे आलटून पालटून लावा. सगळे एकाच बाजूला लावले तर तक्ता त्या दांड्यांपासून दूर फुगतो. आधी मधला आवळा, मग बाहेरचे.

आणि गोंद लावण्याआधी सगळी जुळणी एकदा कोरडी करा. कोरडी म्हणजे क्लॅम्पसकट. गोंद लागल्यावर "अगं, तो ठोकळा कुठे ठेवला?" सुरू होतं, आणि फेव्हिकॉल कुणासाठी थांबत नाही.

भौतिकवेडी

"जीव खाऊन" आणि "हलकेच" हे दोन्ही सल्ले आकडा न घातल्यामुळे भांडतात. आकडा घालू.

गोंद बनवणारे कठीण लाकडाला साधारण १७५ ते २५० पौंड प्रति चौरस इंच आणि मऊ लाकडाला १०० ते १५० सुचवतात. सागाला मी १५० धरते. खटपटरावांचा एक सांधा ४८ इंच लांब आणि पाऊण इंच जाड, म्हणजे ३६ चौरस इंच. ३६ गुणिले १५० म्हणजे ५४०० पौंड, जवळपास २४५० किलो. चांगला पाइप क्लॅम्प (पाइपवर दोन जबडे बसवलेला) हाताने आवळून हजार पौंडांच्या आसपास देतो. म्हणजे पाच-सहा. मास्तरांचा अनुभव आणि हे गणित एकाच जागी येऊन थांबले.

सांधे चार असले तरी जोर चार पट लागत नाही बरं का. क्लॅम्पचा तोच जोर एका सांध्यातून पुढच्या सांध्यात जातो.

दुसरी गोष्ट, दाब जबड्यापासून ढोबळमानाने ४५ अंशात दोन्हीकडे पसरतो. बाहेरची फळी पाच इंच रुंद असेल तर पहिल्या सांध्यापाशी पोचेपर्यंत एका क्लॅम्पने दहा इंच लांबी व्यापलेली असते. बाहेरची पट्टी दोनच इंचांची असती तर फक्त चार इंच, आणि मग क्लॅम्पची रांगच लावावी लागली असती. अशा वेळी बाहेरून एक रुंद, सरळ फालतू फळी ठेवायची. दाब त्या फळीत पसरतो आणि सांध्यापर्यंत सारखा पोचतो. क्लॅम्प कमी असणाऱ्यांसाठी यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

रंधामास्तर

भौतिकवेडी, गणित झकास. पण जास्त आवळून गोंद पिळून निघतो हे आम्ही जन्मभर ऐकलंय. ते खोटं का?

भौतिकवेडी

पांढऱ्या गोंदाच्या बाबतीत भीती बरीच वाढवलेली आहे. वरचा हिशोब पाहा. नुसता शिफारशीइतका दाब द्यायला सहा क्लॅम्प लागतात. तीन क्लॅम्प असलेला माणूस "जास्त" आवळणार कुठून? सांधा उपाशी राहतो तो बहुधा गोंद कमी लावल्याने, किंवा लावून ठेवून दहा मिनिटं फोनवर बोलल्याने. गोंदावर साय धरते आणि मग तो दुसऱ्या लाकडात शिरत नाही.

जास्त आवळण्याचा खरा तोटा वेगळा. दांडा वाकतो, तक्ता फुगतो, कडेला वळ पडतात. इपॉक्सीची (दोन भाग मिसळून करायच्या गोंदाची) मात्र गोष्ट निराळी. तिथे गोंदाचा थर थोडा जाड राहावा लागतो, म्हणून हलक्या हाताने.

पाचरवाला

कुठले पाइप आणि कुठले पौंड! आमच्याकडे आजोबा क्लॅम्पशिवाय दरवाजाच्या फळ्या जोडायचे. सांगतो कसं.

एक सपाट जाड प्लायचा तुकडा घ्या, तक्त्यापेक्षा मोठा. त्यावर एका बाजूला सरळ पट्टी स्क्रूने पक्की करा. फळ्या तिला लावून मांडा. दुसऱ्या बाजूला फळ्यांपासून दोन-अडीच इंच सोडून दुसरी पट्टी पक्की करा. मधल्या फटीत दर आठ-दहा इंचांवर पाचरींच्या जोड्या उलट-सुलट ठेवा, एकीचं निमुळतं टोक इकडे, दुसरीचं तिकडे. दोन्ही बाजूंनी हातोडीने हळूहळू ठोकत न्या. जोडी असल्यामुळे दाब सरळ पडतो, फळी बाजूला सरकत नाही. वरून आडव्या पट्ट्या ठेवून विटा किंवा तांदळाचं पोतं, म्हणजे फळ्या उसळत नाहीत. खाली जुना प्लास्टिकचा कागद विसरू नका, नाहीतर तक्ता प्लायसकट टेबल व्हायचा.

पाचरी पंक्चरच्या लाकडातून निघतात. म्हणजे फुकट. "पंक्चर" नाही, "कचरा" लिहायचं होतं, फोन स्वतःच्या मनाने लिहितो.

चहाटळ

पंक्चरचं लाकूड! सायकलच्या ट्यूबशिवायच पंक्चर झालं.

मिनेसोटाकर

पाचरवाला, +१. ही पद्धत इकडेही वापरतात.

मी अमेरिकेत गॅरेजमध्ये काम करतो. सुरुवात पाइप क्लॅम्पने केली. दोन बिडाचे जबडे विकत मिळतात, मधला पाइप आपण पाहिजे त्या लांबीचा घालायचा. आज दोन फुटी, उद्या पाच फुटी, जबडे तेच. वजनदार आणि ओबडधोबड, पण पैशाला जोर याइतका कुणी देत नाही. नंतर पॅरलल क्लॅम्प घेतले. त्यांचे जबडे आवळल्यावरही समांतर राहतात, त्यामुळे कपाटाचे खण, खोकी यांना फार सोपे पडतात. पण नुसत्या तक्त्यासाठी त्यांच्यावर पैसे घालू नका. एका हाताने दाबायचे बंदुकीसारखे क्लॅम्प मिळतात ते पटकन धरून ठेवायला चांगले, सांधा आवळायला त्यांचा जोर तोकडा पडतो.

इथला एक अनुभव, पुण्यात लागणार नाही पण महाबळेश्वरवाले वाचत असतील तर. पांढऱ्या-पिवळ्या गोंदाला साधारण दहा अंश सेल्सियसच्या खाली नीट पापुद्रा धरता येत नाही. सुकल्यावर खडूसारखा पांढरा दिसतो आणि सांधा हाताने निघतो. नुसती हवा नाही, लाकूडसुद्धा उबदार लागतं. म्हणून जानेवारीत आमच्या जेवणघरात क्लॅम्प लावलेला तक्ता पडलेला असतो. घरातली इतर मंडळी काय म्हणतात ते लिहीत नाही.

नागपूरचा_संत्रा

तुमचं दहा अंश, आमचं पंचेचाळीस. मे महिन्यात दुपारी गोंद लावला तर शेवटच्या फळीपर्यंत पोचेस्तोवर पहिलीवरची साय सुरकुतते. म्हणून पहाटे करा, कूलरचा झोत लाकडावर घेऊ नका, आणि पाचही फळ्या एकदम जोडायचा हट्ट धरू नका ना भाऊ. दोन आणि दोन आधी जोडा. ते सुकले की मग मधली पाचवी. दर वेळी दोनच सांधे सांभाळायचे.

सई_ठाणे

आले. मी फ्लॅटच्या बाल्कनीत काम करते, त्यामुळे क्लॅम्प माझ्यासाठी शेजारधर्म आहे. हातोडीचा आवाज झाला की खालचे काका वर येतात, क्लॅम्पचा आवाज होत नाही.

खटपटरावांच्या तक्त्याखाली चौकट येणार असेल तर हे उपयोगी पडेल. चौकट आवळली की दोन्ही कर्ण टेपने मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. एक कर्ण लांब निघाला तर क्लॅम्प किंचित तिरके करा, लांब कर्णाच्या दिशेला झुकतील असे, आणि पुन्हा आवळा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असाच निघतो. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) कोपऱ्यात लावून बघता येतं, पण आवळताना पट्टी थोडी वाकलेली असली तर गुण्या फसवतो. कर्ण फसवत नाही.

फोटोफ्रेमच्या ४५ अंशांच्या कोपऱ्यांना क्लॅम्प नकोतच. चारही पट्ट्या पालथ्या ओळीत मांडून सांध्यांवर मास्किंग टेप ताणून चिकटवा, उलटा, खाचेत गोंद घाला, गुंडाळत आणा, शेवटच्या कोपऱ्याला टेप. एवढंच. मोठ्या चौकटीला सामान बांधायचा रॅचेटवाला पट्टा, कोपऱ्यांवर पुठ्ठा लावून.

आणि प्लायच्या कडेला व्हिनियरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) पट्टी लावताना कपडे वाळत घालायचे चिमटे. आई विचारते, चिमटे कुठे जातात.

सुगरण_पण_सुतार

सईताई, चिमट्यांचं पटलं. पीव्हीसी पाइपचेही क्लॅम्प होतात. दोन-अडीच इंची पाइपाच्या इंचभर रुंद चकत्या कापायच्या, प्रत्येक चकतीला एक चीर द्यायची. फाकवून अडकवल्या की चांगल्या दाबतात. जाड पाइप घेतला तर दाब जास्त. प्लंबरकडे उरलेले तुकडे मिळतात, त्यामुळे खर्च शून्य. आणि खुर्चीच्या गोल पायाला, मोडलेल्या हाताला, कशालाही सायकलची जुनी ट्यूब. लांब पट्टी कापून ताणून गुंडाळत जायची. प्रत्येक वेढ्यागणिक दाब वाढतो, आणि रबरावर गोंद चिकटत नाही.

मिरजेचा_भावा

गुंडाळण्यावरनं आठवलं. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत बसून बघा एकदा. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे गोल, त्याच्यावर लाकडी तबली (वरची पातळ फळी) बसवायची. तिथं कुठला सी-क्लॅम्प लावणार? लावला तर भोपळाच फुटंल. दोरीनं वेढे देत जातात आणि दोरी नि लाकूड यांच्या मधी बारक्या बारक्या चिपा सरकवत जातात. चीप सारली की तेवढ्या जागी दाब वाढला. लई बारीक काम, बघत राहावं असं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगीच नाही.

दोरीचा साधा प्रकार घरी पण जमतोय. दुहेरी दोरी चौकटीभोवती बांधायची, मधी दांडकं घालून पीळ द्यायचा, दांडकं कुठंतरी अडकवायचं. कोपऱ्यावर फडकं ठेवा, नाहीतर दोरी लाकडात रुतती.

तारेवरची

अवांतर: गिटार बनवणारे याच्याही पुढे जातात. गिटारच्या वरच्या पातळ फळीला आतून काड्या चिकटवताना क्लॅम्प आत पोचत नाही. मग बाकाच्या वर एक छत करतात आणि छत नि काम यांच्यामध्ये लवचिक काठ्या वाकवून अडकवतात. काठी सरळ व्हायला बघते आणि खाली दाबते. बांबूच्या कामट्या यासाठी एकदम बेस्ट. मी टेबलावर व्हिनियर चिकटवताना हाच प्रकार लॉफ्टच्या खाली केला होता. मधोमध दाब द्यायला दुसरा सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

रंधामास्तर

मधोमध दाब द्यायला कमानदार पट्टी असते की. चांगल्या कडक लाकडाची, दोन-अडीच इंच उंच. एका कडेला रंध्याने टोकांकडे एक-दीड मिलिमीटर उतार द्यायचा, म्हणजे मध्य फुगीर राहतो. ही फुगीर बाजू तक्त्यावर आडवी ठेवायची, खाली तशीच दुसरी, आणि फक्त दोन टोकांना एफ-क्लॅम्प. टोकं खाली आली की मध्यभागी दाब पडलेला असतो. खटपटराव, फळ्या एका पातळीत ठेवायला अशा दोन जोड्या करा. अंगाला पॅकिंगची टेप गुंडाळा, गोंद धरत नाही. गोंद लागला की फळ्या सटकतात, एक वर एक खाली होते, आणि मग दोन दिवस रंधा मारत बसावं लागतं. तो त्रास वाचतो.

सई_ठाणे

सटकण्यावर मिठाचे दोन-चार खडे टाकतात म्हणे गोंदात. कुणी केलंय?

मिनेसोटाकर

केलंय. मोठ्या पृष्ठभागावर, फळीवर फळी चिकटवताना चालतं. अगदी चिमूटभर. कडेच्या सांध्याला गरज नाही. त्यापेक्षा क्लॅम्प हलका लावून दोन-तीन मिनिटं थांबा, गोंद जरा धरू दे, मग पूर्ण आवळा. निम्मं सटकणं तिथेच थांबतं.

पुणेरी_नळ

पाइप क्लॅम्पचा विषय निघालाय म्हणून. परदेशातून कुणी जबडे आणून दिले तर इथला पाइप बसतो का, हा प्रश्न मला खाजगीत दोघांनी विचारला, इथेच उत्तर देतो.

अमेरिकन जबड्यांना तिकडचे आटे असतात, आपल्या पाइपला ब्रिटिश पद्धतीचे. आट्यांचा कोन वेगळा, तिकडे ६० अंश, आपल्याकडे ५५. पण अर्धा आणि पाऊण इंची पाइपांत दोन्हीकडे इंचाला १४ आटेच आहेत, त्यामुळे क्लॅम्पपुरतं काम भागतं. पाणी थोडंच धरायचंय! एक इंचीला मात्र आटेच जुळत नाहीत, तिकडे साडेअकरा, इकडे अकरा. तो नाद करू नका.

पाऊण इंचीच घ्या. अर्धा इंची चार फुटाला आवळताना धनुष्य होतो. पाइपवरचा रंगाचा पट्टा बघा: पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. लाल घ्या, निदान निळा. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) गुळगुळीत असतो, मागचा जबडा कधी कधी घसरतो. काळा पाइप मिळाला तर उत्तम. दुकानदाराला आटे पाडून द्यायला सांगा, दोन्ही टोकांना. म्हणजे पुढे कपलिंग (दोन पाइप जोडायचा आटेवाला तुकडा) लावून दोन पाइप जोडून आठ फुटी क्लॅम्प होतो.

मुंबईकरांनी नागदेवी स्ट्रीट, पुणेकरांनी बोहरी आळी पालथी घालावी. दुपारी एक ते चार या वेळात पालथी घालू नये, कारण सांगायला नको.

खटपट_राव

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

ठरवलंय असं: पाऊण इंची पाइपचे चार क्लॅम्प, बाहेरून रुंद फालतू फळ्या (भौतिकवेडी यांची युक्ती), मास्तरांच्या कमानदार पट्ट्या, आणि संत्राभाऊ म्हणतात तसं दोन-दोन करून जोडणी. पाचवी फळी मध्ये.

तीन शंका उरल्यात. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसायचा की नाही? क्लॅम्प किती वेळ ठेवायचे? आणि सुतारकाकांच्या आडव्या पट्ट्यांचं काय? त्यावर कुणीच बोललं नाही.

जुना_कारखानदार

सुतारकाकांची बाजू मी घेतो. माझा फर्निचरचा छोटा कारखाना होता.

साइटवर रोजंदारीने काम करणाऱ्या माणसाला क्लॅम्प लावून रात्रभर थांबणं परवडत नाही. त्याला दिवसाला इतके खण, इतके दरवाजे करून द्यायचे असतात. तो गोंद लावतो, खिळा किंवा स्क्रू मारतो आणि पुढे सरकतो. गोंद सुकेपर्यंत दोन तुकडे धरून ठेवणं हेच क्लॅम्पचं काम, ते त्याच्याकडे खिळा करतो. प्लायमध्ये हे चालतं, कारण प्लाय फुगत-आकसत नाही म्हटलं तरी चालेल. उगाच "आमचे सुतार अडाणी" असा सूर लावू नये. इथे कुणी लावला नाही, इतरत्र वाचलाय.

पण भरीव लाकडाच्या तक्त्याला मागून आडव्या पट्ट्या घट्ट मारल्या तर पंचाईत. साग कमी हलतो, तरी दोन फूट रुंदीत पावसाळा ते उन्हाळा दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. पट्टी लांबीच्या दिशेने हलत नाही, तक्ता रुंदीत हलतो, मग तक्ता चिरतो किंवा वाकतो. पट्ट्या मारायच्याच तर मधला स्क्रू घट्ट आणि बाहेरच्या स्क्रूंना पट्टीत लांबट भोकं, वॉशर घालून. म्हणजे काकांचंही राहील आणि तक्त्याचंही.

पाचरवाला

कारखानदारसाहेब, हे पटलं. आजोबा पट्टीला गोंद लावायचे नाहीत, खाचेत नुसती सरकवून ठेवायचे. कारण विचारलं तर "लाकडाला श्वास घेऊ दे" एवढंच.

भौतिकवेडी

ओल्या फडक्याबद्दल: पॉलिश करणार असाल तर नको. पातळ झालेला गोंद छिद्रांत शिरतो आणि पॉलिशनंतर तिथे फिकट डाग उमटतो. अर्धा-पाऊण तास थांबा, गोंद रबरासारखा झाला की पटाशीने किंवा जुन्या पत्र्याच्या पट्टीने उचला, सलग दोरी निघते. दगडासारखा होऊ देऊ नका, मग काढताना लाकडाचे टवके निघतात. आतल्या कोपऱ्यांत पोचणं अवघड असेल तर आधीच मास्किंग टेप लावून ठेवा.

वेळेबद्दल: पांढऱ्या गोंदाला पाऊण-एक तासात तक्ता उचलण्याइतका जीव येतो, पण त्यावर जोर देऊ नका. पूर्ण ताकद साधारण २४ तासांनी. पावसाळ्यात लाकूडच ओलसर असतं, त्यामुळे मी रात्रभर सोडते. आणि दुसऱ्या दिवशी लगेच सांध्यावर रंधा नको. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. तेव्हाच सपाट केलं तर ते आकसल्यावर सांध्यावर बारीक घळ दिसते. दोन-चार दिवस थांबा.

नागपूरचा_संत्रा

काळ्या डागांचं कुणी सांगितलं नाही. लोखंडी पाइप, ओला गोंद आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) एकत्र आलं की निळसर काळा डाग पडते. बाभळीवर तर लगेच. सागावर कमी, पण पडते. पाइप आणि लाकूड यांच्यामध्ये मेणकागद किंवा प्लास्टिकची पट्टी टाका.

सुगरण_पण_सुतार

आमच्याकडे मेणकागद नसतो म्हणून मी दुधाच्या पिशव्या उघडून धुवून वापरते. त्यावर गोंद अजिबात धरत नाही.

रंधामास्तर

आणि जुनं वाड्याचं लाकूड आहे ना? रंध्याआधी लोहचुंबक फिरवला होता का? आत खिळ्यांची टोकं मोडून राहिलेली असतात. आणि सागात तेल असतं, जुन्या लाकडाच्या पृष्ठभागावर ते येऊन बसतं. मशीनवर कडा काढून आठवडा झाला असेल तर गोंद लावायच्या दिवशी कडेवरून हाताने एकच पातळ थर काढा. ताज्या लाकडावर गोंद छान बसतो.

खटपट_राव

चुंबक मशीनवाल्याने फिरवला. तीन खिळे निघाले, त्यातला एक चौकोनी, हाताने घडवलेला. मुलीने तो ठेवून घेतलाय.

चहाटळ

क्लॅम्पचे वळ उठले तर? मास्तर म्हणतील वळ उठूच द्यायचे नाहीत. पण उठले तर?

सई_ठाणे

तंतू तुटले नसतील, नुसते दबले असतील, तर वळावर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा. वाफेने तंतू फुगून वर येतात. दोनदा-तीनदा करावं लागतं. मग वाळू द्या, पॉलिशपेपर मारा. व्हिनियरवर करू नका, ते सुटून येतं. उठूच नयेत म्हणून जबड्याला चामड्याचे किंवा प्लायचे तुकडे दुतर्फा टेपने आधीच चिकटवून ठेवा, दर वेळी तिसरा हात शोधावा लागत नाही.

मिनेसोटाकर

क्लॅम्प हा नुसता गोंदासाठी नाही, हेही जाता जाता. करवतीने सरळ कापायचं तर सरळ पट्टी दोन क्लॅम्पनी आवळून तिच्या कडेने करवत चालवा. ड्रिलखाली लहान तुकडा कधी हातात धरू नका. बिट अडकलं तर तुकडा हातासकट फिरतो. राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र) चालवतानाही काम आवळलेलं हवं. आणि यंत्र सुरू करण्याआधी ते कोरडंच पुढे नेऊन बघा, वाटेत क्लॅम्पची मूठ आडवी येते का ते.

पुणेरी_नळ

खटपटराव, पाइप घेताना एक राहिलं. कापलेल्या टोकाला आतून धारदार कड असते, ती कानशीने काढून घ्या. जबडा सरकवताना बोट जातं तिथे.

खटपट_राव

नोंद केली. क्लॅम्पच्या स्क्रूला तेल घालू का? जुना एफ-क्लॅम्प फिरवताना करकरतो.

रंधामास्तर

तेल नको. ओघळून लाकडावर पडतं आणि तेवढ्या जागी पॉलिश धरत नाही. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, सुकलेला गोंद खरवडा आणि साधी मेणबत्ती आट्यांवर घासा. पाइपवर मात्र मेण लावू नका, मागचा जबडा घसरेल.